जोहराच्या चित्राची चौकट

एकनाथ पाष्टेला मस्कतजवळच्या अल खौदमध्ये कुणी वाईट वागवलं असं म्हणायची सोय नव्हती, आणि खरी पंचाईत तीच होती. अर्बाब, म्हणजे मालक, वाईट असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. खोलीत एसी नसता, जेवणाचे हाल असते, तर लेबर ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसता आलं असतं. पण हमूद अर्बाब ईदला त्याच्यासाठी नवा शर्ट आणायचा. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा सत्तरीचा माणूस इस्पितळात त्याच्या उशाशी रात्रभर बसून होता. दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, “ये मेरा बेटा है.” फक्त एवढंच होतं, की बेट्याचा पासपोर्ट बापाच्या कपाटात होता आणि बेटा कायमचा घरी जायचं म्हणाला की बापाच्या कानात बोळे बसत. सुट्टीपुरता पासपोर्ट हातात मिळे, पण परत येण्याचा शब्द घेऊनच, आणि दिलेला शब्द मोडणं एकनाथला कधी जमलं नव्हतं.

दुकान फ्रेमचं होतं. विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बाजूला फोटोकॉपीवाला आणि दुसऱ्या बाजूला इराणी रोट्यांची भट्टी. पोरांची पदवीची प्रमाणपत्रं, कुराणातल्या आयती, अरबी घोड्यांची चित्रं, लग्नातले फोटो, असं सगळं तिथे चौकटीत बसायला यायचं. एकनाथ मूळचा लांज्याकडचा. फ्रेम करायला शिकला रत्नागिरीत, देवादिकांच्या आणि वारलेल्या माणसांच्या तसबिरी बनवणाऱ्या एका दुकानात. तिथली रीत सोपी होती: पुठ्ठ्याला सरस फासायचा, फोटो चिकटवायचा, वर काच, मागे चुका ठोकल्या की आजोबा जन्मभरासाठी भिंतीवर. अल खौदला आल्यावर पहिली काही वर्षं त्याने तेच केलं आणि कुणी काही बोललं नाही.

मग विद्यापीठात जुने कागद सांभाळायला एक पोलिश बाई आली. ती लाकडी पट्ट्या घ्यायला दुकानात यायची. एकदा एकनाथला सरसाचा ब्रश एका हाताने काढलेल्या चित्राच्या पाठीवरून फिरवताना तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की जणू तो कोंबडीच कापत होता. तिने त्याला शिकवलं. छापील फोटो वेगळा आणि कुणी स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र वेगळं, ते जगात एकच असतं. त्याला सरस नाही, टेप नाही, कात्रीही नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ शिजवायची. जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या हाताने फाडायच्या, म्हणजे कडा मऊ राहतात. त्या पट्ट्यांनी चित्र फक्त वरच्या बाजूने टांगायचं, खाली मोकळं सोडायचं. कागद हवेबरोबर फुगतो, आकसतो, त्याला हलायला जागा हवी. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये कापसाच्या पुठ्ठ्याची खिडकीसारखी कापलेली चौकट ठेवायची. आणि जे लावलं ते उद्या दुसऱ्या कुणाला थोड्या पाण्याने सोडवता आलं पाहिजे.

बाई दोन वर्षांनी गेली. एकनाथच्या हाताला मात्र जे लागलं ते लागलंच. मस्कतच्या चित्रकारांना पत्ता कळला. अल खुवैरच्या मोठमोठ्या ऑफिसांतून चित्रं येऊ लागली. दुकानाला नाव झालं, अर्बाबची छाती फुगली, आणि एकनाथलाही गर्व झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. खळ शिजवायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. दार लावून घ्यायचा आणि स्वयंपाकघरातल्या मानी सासूसारखा एकटाच भांडं ढवळत बसायचा. त्याला कळत नव्हतं की आपण आपल्याच पायात बेडी ठोकतोय. वाईट कारागिराला मालक एका दिवसात घरी पाठवतो, चांगल्याला कोण सोडतो?

तेलाचे भाव पडले त्या वर्षी हे फार बोचलं. कंपन्या माणसं कमी करत होत्या. अल खुवैरमध्ये राहणारा स्वरूप नावाचा पुण्याचा इंजिनियर बायकोपोरांचे फोटो फ्रेममधून काढून घ्यायला आला. बॅगेत काच नेता येत नाही म्हणाला. त्याला महिन्याची नोटीस मिळाली होती आणि त्याचे डोळे सुजलेले होते. एकनाथने त्याचे फोटो बटर पेपरमध्ये गुंडाळून दिले आणि त्याच्या मनात आलं ते असं: ज्यांना राहायचंय त्यांना हाकलतायत, आणि मला जायचंय तर दार उघडत नाही. एका माणसाच्या दुःखाचा आपल्याला हेवा वाटतोय याची त्याला लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही.

त्याला जायचं होतं ते पोरीसाठी. यशश्री पोटात असताना तो इथे आला. तिला त्याने पाहिलं ते सुट्टीसुट्टीत, प्रत्येक वेळी एक नवीनच मुलगी. लहान होती तोवर ती शुक्रवारच्या, इमोवरच्या व्हिडिओ फोनची वाट बघायची, आईच्या हातातून फोन हिसकावून दात पडल्याचं दाखवायची. आता अकरा वर्षांची झाली आणि फोनवर येईनाशी झाली. त्याची बायको मैना आधी कारणं द्यायची, क्लासला गेलीय, न्हायला गेलीय. मग एका शुक्रवारी मागून आवाज आलाच, “सांग ना, मी झोपलेय म्हणून.” मैनाने घाईघाईने फोनवर हात ठेवला, पण जे ऐकायचं ते एकनाथने ऐकलं होतं.

त्या दिवशी मैना नेहमीसारखी रडली नाही. शांतपणे म्हणाली, “तुमी आता कायमचे येताव का नाय, ता एकदा सांगा. पोरीला बाप म्हंजे फोनमदला मानूस वाटतो. अजून दोन वर्सांनी तुमी आलाव, तरी ती तुमच्यासमोर डोक्यावर ओढणी घेऊन बसंल, पावन्यासमोर बसतात तशी.”

एकनाथने दुसऱ्याच दिवशी अर्बाबला गाठलं. गेल्या चार-पाच वेळेला झालं होतं ते या वेळी झालं नाही. अर्बाबने कानात बोळे घातले नाहीत. बहुधा एकनाथचा चेहराच तसा दिसत असावा. हमूद अर्बाबचं लहानपण मुंबईत गेलं होतं, वडील खजुराचे व्यापारी. त्यामुळे तो हिंदी बोलायचा, जुनी आणि थोडी मोडकी. दाढी कुरवाळत तो म्हणाला, “अपने जैसा एक आदमी बना दे. फिर जा. मैं नहीं रोकेगा.”

आदमीही अर्बाबनेच दिला. बरका या अर्बाबच्या गावी, मासळीबाजारात त्याचं बर्फाचं दुकान होतं. तिथे गुलजार मुकादम हा म्हसळ्याचा माणूस बर्फाच्या लाद्या ओढायचा. चाळिशी उलटली होती, कंबर गेली होती. एसीतलं बसून करायचं काम मिळतंय म्हटल्यावर त्याला आकाश ठेंगणं झालं. पहिल्या दिवशी त्याचे बर्फाने राठ झालेले पंजे बघून एकनाथच्या मनात आलं: या हातात जपानी कागद म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

पण माणूस चिवट निघाला. चुकला की हसायचा, पुन्हा करायचा. त्याचा बाप म्हसळ्यात किताबं बांधायचा, कुराण शरीफची आणि मदरशाची. कागद हातात कसा धरायचा हे गुलजारने लहानपणी पाहिलेलं होतं, फक्त हात विसरले होते. महिन्या-दोन महिन्यांत ते आठवू लागले. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा दोघं मागच्या खोलीत डबा खात बसायचे आणि रत्नागिरी चांगली की रायगड यावर भांडायचे.

“तुमच्याकडं आंबा हाय, बाकी काय हाय?” गुलजार म्हणायचा.

“तुमच्याकडं काय हाय? मुंबईला जायचा रस्ता.”

“आरं, मग जातंस ना त्याच रस्त्यानं? खालून येतांना आधी तुझाच लांजा लागतो, मंग माझ्या म्हसल्याचा मानगाव फाटा. मी लांब राहतो तरी जवळचा झालो.” यात काय तर्क होता देव जाणे, पण दोघंही हसायचे. एकनाथला हा माणूस आवडू लागला होता. कधीकधी त्याच्या मनात येई, मी सुटलो की हा माझ्या जागी अडकणार. मग तो विचार तो पटकन ताटाखाली सरकवायचा. बुडणारा माणूस दुसऱ्याचं नंतर बघतो.

गुलजारला त्याने सगळं शिकवलं, एक सोडून. खळ तो स्वतःच शिजवत राहिला. गुलजार बाजूला उभा राहून बघायचा, पण भांडं काही त्याच्या हातात आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. जायची घाई होती आणि तरी आपल्याशिवाय एक गोष्ट तरी अडावी असं कुठेतरी वाटत होतं.

मग एक दिवस अर्बाब एक चपटी पेटी घेऊन आला आणि दोघांना समोर बसवलं. पेटीत मलमलीच्या कापडात एक चित्र होतं. वहीच्या पानाहून थोडं मोठं, पातळ कागदावर जलरंगात काढलेलं. बरक्यातलं जुनं घर, अंगणात खजुराचं झाड, झाडाखाली पाण्याचा रांजण आणि त्यावर वाकलेली एक बाई. रंग इतके ताजे होते की रांजण ओला वाटत होता.

“मेरी बहन जोहरा,” अर्बाब म्हणाला. “बंबई में सीखी थी, मिशन के स्कूल में. ये माँ है. वापस आई, उस साल बुखार में गई. सोला की थी. फोटो नहीं है उसका. कुछ नहीं है. ये एक है.”

अकरा वर्षांत अर्बाबने हे चित्र एकनाथला कधी दाखवलं नव्हतं. स्वतःचं फ्रेमचं दुकान, आणि बहिणीचं चित्र मात्र पेटीत. भीती वाटते, म्हणाला, म्हणून दिलं नाही. आता देतो. पण गुलजार करेल. एकनाथने हात लावायचा नाही, मागच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. गुलजारच्या हातून जोहरा नीट बसली, तर त्याच दिवशी पासपोर्ट.

एकनाथची सुटका दुसऱ्याच्या बोटांवर लटकलेली, आणि ती बोटं परवापर्यंत बर्फ ओढत होती. त्या दिवशी तो दुकानाच्या पुढच्या भागात स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाईकं आली त्यांच्याशी काय बोलला ते त्याला आठवलंही नाही. आतून भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. दोनदा तो उठला आणि दोनदा बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या हातासाठी देवाला नवस बोलला.

गुलजार फ्रेम घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. एकनाथने फ्रेम उजेडात धरली. चित्र सरळ होतं, कुठे लाट नाही, सुरकुती नाही, काच दूर, कडेला चारी बाजूंनी सारखी जागा. त्याने बोटाने हळूच फ्रेम वाजवली, चित्र आत जरासं हललं आणि स्थिर झालं. असंच हवं होतं. एकनाथने गुलजारला मिठीच मारली. गुलजार म्हणाला, “सोड रं, फ्रेम पडंल.”

अर्बाबने फ्रेम पाहिली आणि रुमालाने डोळे टिपले. शब्दाला जागला. पासपोर्ट एकनाथच्या हातात ठेवला, स्वतःच्या खर्चाने शुक्रवारी संध्याकाळचं मुंबईचं तिकीट काढून दिलं आणि फ्रेम मांडीवर घेऊन बरक्याला घरी गेला. जाताना मागे वळून बघितलं नाही. एकनाथला वाटलं, म्हातारा रडतोय. त्यालाही वाईट वाटलं, पण पासपोर्ट खिशात असला की वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही.

शुक्रवारी दुपारी त्याने बॅग भरली. मैनाला फोन केला. फोन उचलला यशश्रीने.

“बाबा, आई विचारतेय, ठाण्याहून कुठली गाडी?”

इतक्या महिन्यांनी तो आवाज. एकनाथने गाडी सांगितली, आणि उगाच विचारलं, “तू येशील स्टेशनवर?”

“येईन की,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, मला तुम्ही ओळखाल ना? मी केस कापलेत.”

तो हसला, आणि फोन ठेवल्यावर बॅगेवर बसून पोरासारखा रडला. मग तोंड धुतलं. त्याची राहायची खोली दुकानाच्या मागेच होती. जाण्याआधी दुकान एकदा झाडून घ्यावं, भांडी धुवावीत, म्हणून तो आत गेला. सवय वाईट. सरळ विमानतळावर गेला असता तर ही गोष्ट इथेच सुखात संपली असती.

मोरीपाशी खळीचं भांडं तसंच पडलं होतं. तळाला खळ वाळून चिकटली होती. एकनाथने ते नळाखाली धरलं आणि थांबला. खळ पांढरी नव्हती. तिच्यात निळसर झाक होती, अगदी पुसट. उजेडाकडे धरल्याशिवाय कळलीही नसती. त्याने नखाने एक खपली काढली, बोटावर पाण्याने भिजवली. पाणी निळं झालं.

गुलजार पुढे काचा पुसत होता. एकनाथने त्याला हाक मारली. “या खळीत काय घातलंस?”

“मोरचूद,” गुलजार म्हणाला. चेहऱ्यावर अभिमान होता. “बरक्याला शेतीच्या दुकानात मिलतो, औषध फवारायला नेतात. चिमूटभर घातला. तू घालत नाय ता मी पाहिलंय, पण अर्बाबचा काम म्हटल्यावर मीच बोललो, जरा जपून करू. बापाची खळ बिनमोरचुदाची कधी शिजली नाय. झुरल लागत नाय, कसर लागत नाय. त्याच्या हातची कुराण शरीफ अजून साबूत हायत.”

गुलजारच्या बापाचं चुकलं नव्हतं. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत मोरचूद खपून जातो, आणि कोकणातल्या दमट हवेत कसरीपेक्षा तो परवडतो. साऱ्या कोकणात पुस्तकं बांधणारे हेच करत आले. पण मोरचूद म्हणजे तांबं. पोलिश बाईने एकदा त्याला एक जुनं पान दाखवलं होतं. त्यावर जिथे जिथे तांब्याचा हिरवा रंग होता, तिथे तिथे कागद आधी तपकिरी आणि मग भोकं. रंगाने कागद खाल्ला होता. जोहराचा कागद कांद्याच्या पापुद्र्याएवढा. वरची कड आधी पिवळी पडेल, मग तपकिरी, मग एक दिवस खजुराचं झाड शेंड्यापासून तुटून खाली येईल.

एक दिवस म्हणजे कधी? पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. तोवर अर्बाब असेल की नसेल. गुलजारला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. आणि भांडं धुऊन टाकलं की झालं. एकनाथने नळ सोडलाही. पाणी भांड्यात पडत राहिलं आणि तो मनातल्या मनात स्वतःला सांगत राहिला, की तू काही केलेलं नाहीस, तुला हात लावायची बंदी होती, तुझी पोर स्टेशनवर उभी राहणार आहे. प्रत्येक गोष्ट खरी होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण इथे एका बाजूला विहीर नव्हतीच, सरळ रस्ता होता. त्याला फक्त चालत जायचं होतं.

दोष कुणाचा, हे त्याला लख्ख दिसलं. एकदा, फक्त एकदा त्याने भांडं गुलजारच्या हातात देऊन ‘शिजव’ म्हटलं असतं, तर मोरचुदाची पुडी तेव्हाच बाहेर आली असती. मान मिरवायला खळ स्वतःकडे ठेवली आणि शेवटी तीच गळ्यात आली.

त्याने नळ बंद केला. मग एक युक्ती सुचली आणि जीव थोडा खाली बसला. काचेच्या आत धुळीचा कण राहिलाय म्हणायचं, फ्रेम आणायची, पट्ट्या सोडवायच्या, पांढऱ्या खळीने नव्या लावायच्या, परत नेऊन द्यायची आणि तसंच विमानतळावर. वेळ होता. मोरचूद कागद खातो, हे एकनाथने सांगितलं तसा गुलजारचा चेहरा राखेसारखा झाला. “मी सांगतो अर्बाबला, माझी चूक,” तो म्हणाला. एकनाथ म्हणाला, “तू कायच सांगू नको. गप गाडी चालव.” अर्बाबने फ्रेम नेऊ दिली नाही तर हाताशी असावं म्हणून नवी शिजवलेली खळ, कागद, ब्रश, टिपकागद असं सगळं पिशवीत टाकून, बॅग मागच्या हौद्यात टाकून दोघं दुकानाच्या पिकअपमधून बरक्याला निघाले.

अर्बाब मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर बसला होता. फ्रेम समोरच्या भिंतीवर होती. एकनाथला पाहून तो एवढा हरखला की त्याने स्वतः उठून कॉफी ओतली. धुळीचं ऐकल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, “मुझे तो नहीं दिखती.”

“मुझे दिखती है, अर्बाब. दुकान लेके जाता है, अभी लाता है.”

“नहीं. अब जोहरा घर से बाहर नहीं जाएगी. जो करना है इधर कर.”

एकनाथला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने गालिच्यावर चादर अंथरली, फ्रेम उलटी ठेवली आणि पाठ उघडली. गुलजार बाजूला बसला. पण पट्ट्या सोडवायच्या म्हणजे पातळ कागदाच्या पाठीला ओल द्यायची, आणि ती ओल पुढच्या रंगापर्यंत जाऊ द्यायची नाही. गुलजारने ब्रश उचलला आणि परत खाली ठेवला. ते बघून एकनाथने ब्रश स्वतःच घेतला. ओलसर केलेला टिपकागद पट्टीवर ठेवायचा, श्वास रोखून थांबायचं, कोपरा सुटला की केसाएवढा उचलायचा, पुन्हा थांबायचं. पहिली पट्टी सुटली. दुसरी सुटली. मग कापसाच्या बोळ्याने निळसर खळ पुसत राहायचं, बोळा पांढरा निघेपर्यंत. त्या वेळात विमान, स्टेशन, काही त्याच्या डोक्यात नव्हतं. काम हातात असलं की तो असाच व्हायचा.

“ये धूल है?” अर्बाबने विचारलं. तो केव्हाचा मागे येऊन उभा होता. एकनाथच्या हातात निळसर झालेला बोळा होता.

एकनाथ बोलण्याआधी गुलजार बोलला. मोरचूद, बाप, बरक्याचं दुकान, सगळं. “गलती मेरी है, अर्बाब. इसको तो मालूम भी नहीं था.”

अर्बाबने त्याच्यावर आवाज चढवला नाही. तो एकनाथच्या समोर येऊन बसला. “तू नहीं आता, तो मुझे मालूम होता?”

“नहीं,” एकनाथ म्हणाला. “बहुत साल के बाद खराब होता.”

“तेरा जहाज कितने बजे है?”

एकनाथने वेळ सांगितली. तोवर त्याने नव्या पट्ट्या पांढऱ्या खळीने लावल्या होत्या. त्या आणि भिजलेली कड वाळेपर्यंत सपाट दाबून धरायला लागणार होती, नाहीतर पातळ कागद सुरकुततो आणि सुरकुती रंगात उतरते. दुकानात त्यासाठी काचेची वजनं होती, इथे काही नव्हतं. मजलिसमध्ये जड वस्तू म्हणावी अशी एकच, फळीवरची कुराण शरीफ, आणि तिचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. एकनाथने कोरडा टिपकागद ठेवला आणि दोन्ही तळवे त्यावर टेकवून, अंगाचा भार देऊन, तो गुडघ्यावर बसून राहिला. पंधरा-वीस मिनिटं. मग निघायचं.

अर्बाब त्याच्याकडे बघत होता. डोळे भरून आले होते. “गुलजार,” तो हळूच म्हणाला, “तू ये कर सकता था?”

गुलजारने मान खाली घातली. त्याला खोटं बोलायचं होतं, एकनाथला ते दिसलं. त्याचे ओठ हललेही. पण जोहरा समोर पडली होती.

“नहीं, अर्बाब.”

“फिर मैं इसको कैसे जाने दूँ?” अर्बाब म्हणाला. रागाने नाही, कुणाची परवानगी मागावी तसं. “तू बोल. जो आदमी जहाज छोड़ के मेरी बहन को बचाने आया, उसको मैं जाने दूँ, तो मैं पागल हूँ. अल्लाने उसको वापस भेजा है.” मग तो एकनाथजवळ सरकला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कपाळाचं चुंबन घेतलं. “दो साल और, बेटा. फिर इन्शाल्ला.”

आणि त्याने एकनाथच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून घेतला. घाई न करता, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून ठेवावं तसा, मायेने. एकनाथला ते सगळं दिसत होतं. म्हाताऱ्याचा हात, खिशाच्या काठाशी अडकलेला पासपोर्टचा कोपरा, तो सोडवायला लागलेला एक क्षण. एक हात उचलला असता तरी पुरला असता. गुलजार ओरडला, “अरे एकनाथ, धर ना.”

तळव्यांखाली कागद अजून ओला होता. एकनाथने हात काढले नाहीत.